दोन फुटी फिश टँक गळतोय: पाचशेत होईल, पण आतून आणि पूर्ण

तुमचा प्रश्न वाचला. नाशिकच्या सिडकोत भाड्याचं घर, दुसरा मजला, 24 × 12 × 15 इंचाचा टँक, मागच्या उजव्या कोपऱ्यातून थेंब थेंब पाणी, चार गोल्डफिश आणि हातात पाचशे रुपये. दुकानदार म्हणतो नवीनच घ्या, शेजारचे काका म्हणतात बाहेरून एमसील थापा. लेक विचारतेय मासे मरतील का. मासे मरणार नाहीत, आणि नवीन टँकही घ्यावा लागणार नाही. फक्त पुढचे दहा-बारा दिवस घाई करायची नाही.

आधी विजेचं बघा. हीटर, लाइट, फिल्टर, सगळ्याचे प्लग काढा, एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवर असेल तर उचलून वर ठेवा. हीटर चालू असताना पाण्याबाहेर आला तर त्याची काच तडकते, म्हणून प्लग काढल्यावर पंधरा मिनिटं थांबा, मग पाणी उपसा.

माशांसाठी पन्नासेक लिटरचा टब किंवा पिंप घ्या, साबण कधी न लागलेला. टँकमधलं जुनं पाणीच त्यात भरा आणि फिल्टरचा स्पंज न धुता तिथे चालू करा. त्या स्पंजात माशांची घाण पचवणारे जिवाणू असतात. तो वाळला किंवा नळाखाली धुतला की ते मरतात आणि टबमध्ये माशांना विषारी असा अमोनिया चढतो. पहिले दोन दिवस खायला काहीच घालू नका, नंतर चिमूटभर. गोल्डफिशला उपास सोसतो, घाणेरडं पाणी सोसत नाही. रोज एक तृतीयांश पाणी बदला. नळाला गंगापूर धरणाचं पाणी येत असलं तरी ते क्लोरीन टाकूनच येतं, तेव्हा आदल्या रात्री बादलीत काढून हवेचा दगड (पंपाच्या नळीच्या टोकाला लावतात तो, बुडबुडे सोडणारा) सोडून ठेवा, नाहीतर अँटीक्लोरीनचे थेंब टाका. टबवर जाळी किंवा जुनी ओढणी बांधा, मासे उडी मारतात. आणि कुणी म्हणालं की तोवर सोडून द्या गोदावरीत, तर कृपा करून तसं करू नका. गोल्डफिश आपल्या नदीतला मासा नाही.

टँक रिकामा करायच्या आधी गळती खरंच त्याच कोपऱ्यातून आहे का, हे मात्र नक्की करा. पाणी काचेच्या खालच्या कडेने दोन-दोन फूट सरकतं आणि भलत्याच ठिकाणी ठिबकतं. कित्येकदा टँक ठणठणीत असतो आणि पाणी येतं ते हवेच्या नळीतून किंवा बाहेर टांगलेल्या फिल्टरच्या काठावरून. बाहेरून सगळे सांधे कोरडे पुसा, प्रत्येक सांध्यालगत काचेवर पांढऱ्या खडूची जाड रेघ ओढा आणि खाली वर्तमानपत्र अंथरा. तासाभराने बघा, खडू जिथे सगळ्यात वरती भिजून काळपट झाला असेल तिथून पाणी निघतंय. एप्रिलच्या कोरड्या हवेत पंख्याखाली पाणी नुसतं उडूनही रोज दिसण्याइतकं उतरतं, त्यामुळे शेजारी भरलेली बादली ठेवून दोन्हीवर मार्करने खूण करा. बादलीपेक्षा टँक जास्त उतरला तरच गळती म्हणायची.

आता काकांच्या एमसीलबद्दल. नळाच्या जोडाला, लोखंडी पाइपला ते उत्तम. काचेच्या टँकला बाहेरून ते नको, आणि बाहेरून सिलिकॉनही नको. तेरा इंच पाणी भरलं की तुमच्या समोरच्या काचेवर साधारण तेहेतीस किलोचा जोर येतो. हा जोर आतून बाहेर ढकलतो. सिलिकॉनची पट्टी आतून असेल तर पाणीच तिला काचेवर दाबून धरतं, बाहेरची पट्टी असेल तर पाणी तिला उचकटतं. एमसील म्हणजे एपॉक्सी, ते वाळून कडक होतं, काच मात्र भरताना-उपसताना किंचित हलते, म्हणून तिथे रबरासारखं ताणणारं सिलिकॉनच लागतं.

दुसरी गोष्ट, आणि हीच सगळ्यात महत्त्वाची: जुन्या वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट चिकटत नाही. माझा पहिला टँक गळाला तेव्हा मी गळक्या कोपऱ्यात जुन्यावरच नवीन पट्टी मारली होती. चार दिवस बरं चाललं. आठवड्याने रात्री परत पाणी. रिकामा करून नखाने पट्टीचं टोक धरून ओढलं तर ती शेवईसारखी अख्खी निघून आली, खालून गुळगुळीत. म्हणून फक्त कोपरा नाही, आतल्या सगळ्या पट्ट्या काढायच्या: तळाच्या चार, उभ्या चार. एकाच कोपऱ्याचं केलंत तर नवं-जुनं जिथे भेटतं तिथून पुढची गळती सुरू होते.

खरेदी अशी. सिलिकॉन सीलंटची 280 मिलीची एक ट्यूब, दीडशे-दोनशेच्या आसपास. तुमच्या सगळ्या सांध्यांची लांबी मिळून साडेतीन मीटर भरत नाही, तेव्हा निम्मी ट्यूबही पुरते. हार्डवेअरवाल्याकडे ‘काचेचं, व्हिनेगरच्या वासाचं सिलिकॉन’ मागा. ट्यूबवर अँटीफंगल, सॅनिटरी, बाथरूम-किचन असं काही लिहिलं असेल तर परत करा, त्यात बुरशीनाशक असतं आणि ते माशांना विष आहे. वरून रंग मारता येतो असं लिहिलेलंही नको. मुदतीची तारीख वाचल्याशिवाय घेऊ नका, जुनी ट्यूब लावल्यावर दिवसेंदिवस चिकटच राहते. ट्यूब दाबायची गन विकत घेऊ नका, जवळच्या काचवाल्याकडून किंवा स्लायडिंग खिडक्या बसवणाऱ्याकडून तासाभरासाठी मागून आणा. केमिस्टकडून आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली, शिवाय कटरची पाती, मास्किंग टेप आणि हातमोजे. नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात तेल आणि सुगंध घातलेला असतो. सगळं मिळून साडेतीनशे-चारशेत बसेल.

खरवडण्याला एक अख्खी दुपार द्या. पातं काचेला जवळजवळ टेकवून, आडवं धरून सरकवा, उभं धरलं की काचेवर ओरखडे येतात. दोन काचांच्या मधे जो पातळ सांधा आहे त्यात पातं घालायचं नाही, टँक त्याच्यावर उभा आहे. मोठी पट्टी निघाल्यावर काच स्वच्छ दिसते, पण डोळ्यांवर विश्वास ठेवू नका. कोरडं बोट कोपऱ्यातून फिरवा. सिलिकॉनचा पापुद्रा राहिला असेल तिथे बोट अडखळतं, रबर घासल्यासारखं, आणि स्वच्छ काचेवर सरळ घसरतं. जिथे अडखळेल तिथे पुन्हा पातं, पुन्हा अल्कोहोलचा बोळा. चारही कोपरे, जिथे तीन काचा भेटतात, तिथे सगळ्यात जास्त वेळ जातो. माझ्या पाहण्यात दुरुस्ती फसली ती बहुतेक वेळा इथेच. शेवटी जुन्या सुती कापडाने पुसा आणि टँक पूर्ण कोरडा होऊ द्या.

सांध्याच्या दोन्ही बाजूंना आठेक मिलिमीटर सोडून टेप लावा. नोझल तिरकं कापा. एका दमात एक कड, मधे न थांबता, आणि लगेच हातमोजा घातलेल्या ओल्या बोटाने एकाच ओढीत दाबून गोलाई द्या. साबणाचं पाणी बोटाला लावायची पद्धत आहे, टँकसाठी साधंच पाणी बरं. वरची साय धरायच्या आत टेप काढा, दहा मिनिटांच्या वर थांबलात तर कड फाटते. कोपऱ्यात सिलिकॉन जरा जास्त द्या. खिडक्या उघड्या ठेवा, वास नाकात झोंबतो.

मग थांबा. सिलिकॉन हवेतला ओलावा शोषून बाहेरून आत पक्कं होतं, दिवसाला दोन-तीन मिलिमीटर. पावसाळ्यात नाशकात हे काम लवकर होतं, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत जास्त वेळ घेतं. खोलीत ओलं गोणपाट टांगून ठेवा, टँक उन्हात ठेवू नका. मी सात दिवस थांबतो. आत तोंड घालून वास घ्या, व्हिनेगर जाणवलं तर अजून दोन दिवस.

या दिवसांत स्टँडचं बघून घ्या. भरलेला टँक ऐंशी किलोच्या घरात जातो आणि स्टँडचा एक पाय अर्धा सेंटीमीटर खाली असला तरी सगळा पीळ एका सांध्यावर येतो. तुम्ही लिहिलंय की घर बदलताना थोडं पाणी तळाशी ठेवून टँक उचलला होता. मला वाटतं कोपरा तिथेच सुटला. पुढे कधीही हलवताना वाळूसुद्धा काढून पूर्ण रिकामा करा. टँकखाली अर्ध्या इंचाचं थर्माकोल अख्खं अंथरा, तुकडे नकोत.

चाचणी बाल्कनीत किंवा मोरीत घ्या, खालच्यांच्या छताला आता आणखी ओल नको. आधी निम्मा भरा. निम्म्या पाण्याला काचेवरचा जोर निम्मा नसतो, चौथा हिस्सा असतो, त्यामुळे सांधा कच्चा असला तरी फुटत नाही, फक्त पाझरतो आणि कळतो. पुन्हा खडूची रेघ, खाली कागद, एक रात्र. मग तेरा इंच, दोन दिवस. कोरडा राहिला तर ते पाणी फेकून द्या, एकदा विसळा, आणि टबमधलं पाणी, स्पंज, मासे या क्रमाने परत आणा.

एक गोष्ट खरवडताना नीट बघा. टॉर्च तिरका मारून मागच्या उजव्या कोपऱ्यातल्या दोन काचांमधला सांधा तपासा. तो एकसारखा पारदर्शक असेल तर वर लिहिलंय तसं करा. त्यात चंदेरी पट्टा किंवा आरपार गेलेले बुडबुडे दिसले तर मधलं सिलिकॉनच काचेपासून सुटलंय, तिथे आतली पट्टी मारून भागणार नाही, ती काच सोडवून पुन्हा बसवावी लागेल. तसं दिसलं तर ट्यूब उघडू नका, आधी मला कळवा. काच कशी सोडवायची ते सांगतो, सिलिकॉन त्याच ट्यूबमध्ये पुरेल.