जलशातलं गाणं वर्गात कसं बसवायचं

प्रिय सई,

अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीची गाणी वर्गात शिकलात आणि तू विचारलंस, "आपल्या मराठीत असं काही होतं का? की आपली नुसती देवाची आणि सिनेमाची गाणी?" होतं. त्याला जलसा म्हणतात: तमाशाच्या साच्यात बसवलेला, लोकांना जागं करणारा गाण्यांचा आणि नाट्याचा खेळ. शिवाय वर्गाकडून एक मराठी गाणं म्हणवून घ्यायचं आहे म्हणतेस, तर जलसा कसा चालायचा हे आधी कळायला हवं.

तमाशाचे ठरलेले भाग असतात: गण म्हणजे सुरुवातीचं वंदन, गौळण, बतावणी म्हणजे विनोदी संवाद, आणि वग म्हणजे शेवटचं नाट्य. हा साचा खेड्यापाड्यांत सगळ्यांच्या ओळखीचा होता. सत्यशोधक मंडळींनी तो उचलला, आणि पुढे आंबेडकरी जलसेवाल्यांनी तर आतून पार बदलून टाकला. गणात गणपतीच्या जागी बाबासाहेबांना वंदन आलं, कृष्ण आणि गवळणींची छेडछाड गेली. वगात राजाराणीऐवजी पाणवठा, शाळा, दारू, सावकार, महाडचा १९२७ चा सत्याग्रह. बायकांची कामं पुरुषच करत. समोरच्या बहुतेकांना वाचता येत नव्हतं, त्यामुळे पत्रक वाटून उपयोग नव्हता. हसवत हसवत सांगितलेलं मात्र सकाळी पाणवठ्यावर पुन्हा बोललं जायचं. नाशिककडच्या भीमराव कर्डकांचा जलसा यात फार गाजला. नंतरचे वामनदादा कर्डक सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२. १४ एप्रिलला मंडळात वाजणाऱ्या कितीतरी गाण्यांचे शब्द त्यांचे आहेत.

आता तुमच्या धड्याकडे. त्यात बिली हॉलिडे आणि निना सिमोन या काळ्या गायिका आहेत, आणि असायलाच हव्यात. १९३९ साली झाडाला टांगून मारलेल्या काळ्या माणसांवरचं गाणं ध्वनिमुद्रित करायला बिली हॉलिडेच्या नेहमीच्या कोलंबिया कंपनीनं नकार दिला. ते कमोडोर नावाच्या छोट्या कंपनीनं केलं. पण ही बसून ऐकायची गाणी. मोर्च्यात चालता चालता दोनशे माणसांना ती म्हणता येत नाहीत. मोर्च्याचं काम फ्रीडम सिंगर्ससारख्यांनी केलं. जॉर्जियातल्या ऑल्बनीच्या आंदोलनातून १९६२ मध्ये हा चौघांचा गट उभा राहिला आणि गावोगाव गाऊन चळवळीतल्या विद्यार्थी संघटनेसाठी पैसे जमवत फिरला. त्यांची युक्ती जलशाचीच: चर्चमधलं सगळ्यांना पाठ असलेलं भजन घ्यायचं आणि येशूच्या नावाच्या जागी 'फ्रीडम' घालायचं. चाल शिकवावी लागत नाही, त्यामुळे सगळं लक्ष बदललेल्या शब्दाकडे जातं.

दोन्हीकडचं गाणं एकसारखं चालतं, म्हणून जात आणि वंश एकच असं मात्र वर्गात सांगू नकोस. बाबासाहेबांनी स्वतः ते मान्य केलं नव्हतं. नातं दाखवायचं तर पक्कं नातं दाखव: जोतीराव फुल्यांनी १८७३ ची 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामांची सुटका करणाऱ्यांना अर्पण केली, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर निघाली ती तिथल्या ब्लॅक पँथर या काळ्यांच्या संघटनेचं नाव घेऊन.

आता गाणं. शाहीर ओळ म्हणतो आणि मागचे झीलकरी तिचा शेवट उचलून धरतात. ही झील म्हणजेच खरं गाणं. ध्रुपद एकाच ओळीचं ठेव, आठ मात्रांत बसणारं. मराठी फक्त ध्रुपदात. कडवी तू इंग्रजीत म्हण, आणि प्रत्येक कडव्यात एकच शब्द बदल: पाणी, शाळा, मत. पूर्ण कडव्याचं भाषांतर करून चालीत कोंबायला जाशील तर मात्रा वाढतात, जीभ अडखळते आणि झील उशिरा पडते.

बिघडतं कुठे तेही सांगते. पहिलं, पट्टी. पुढे गाणारा आपल्या गळ्याला सोपा सूर लावतो आणि तिसऱ्या कडव्याला निम्मा वर्ग गप्प होतो. तुला जरा खाली वाटेल अशा सुरात सुरू कर. दुसरं, लय. ढोलकीवाल्याला लय वाढवायचा मोह होतोच. झील धापा टाकायला लागली की समज, वाढली. तिसरं, टाळ्या. आपण भजनात समेवर, म्हणजे पहिल्या ठोक्याला टाळी देतो, गॉस्पेलमध्ये, म्हणजे काळ्यांच्या चर्चमधल्या गाण्यात, ती दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्याला पडते. तुझी अमेरिकन मित्रमंडळी आपोआप तशीच देतील. दोन गट पाडून दोन्ही वाजू देत, फार छान होतं ते.

वाद्यं थोडीच हवीत. तुणतुण्याला एकच तार. ती खुंटी पिळून तुझ्या 'सा'ला लावायची आणि मध्ये हात लावायचा नाही. हलगी कातड्याची असेल तर दमट हवेत सैल पडते आणि मग जाळावर शेकावी लागते. शाळेत जाळ कुठून आणणार? फायबरचीच घे. हलगीबद्दल वर्गाला एवढं जरूर सांग की गावात ती वाजवणं हे ठरावीक जातींवर लादलेलं काम होतं. म्हणून काही घरांत ती आजही नको असते, आणि काहीजण तीच मुद्दाम मोर्च्यात आणतात.

एक भाग तुमच्या धड्यात नाही, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. १९६१ मध्ये जॉर्जियातल्या ऑगस्टा गावी नाचायची जागा फक्त गोऱ्यांसाठी आहे हे कळल्यावर रे चार्ल्स या काळ्या गायकानं कार्यक्रमच केला नाही. त्याला ७५७ डॉलर दंड झाला, तो त्यानं भरला. बीटल्स या इंग्लिश बँडच्या १९६५ च्या एका करारात काळे-गोरे वेगवेगळे बसवलेल्या प्रेक्षकांसमोर गाणार नाही ही अटच लिहिलेली आहे. आणि गायक हॅरी बेलाफाँटेनं ऑगस्ट १९६४ मध्ये नट सिडनी पॉइटियेला सोबत घेऊन सुमारे ७० हजार डॉलर रोख मिसिसिपीतल्या ग्रीनवुडला चळवळीच्या कार्यकर्त्यांकडे पोचवले. पैसे संपले की जेवण थांबतं, गाडीचं पेट्रोल थांबतं, जामीन थांबतो. गाणं गाजवणाऱ्या नावाचा तिथे असाही उपयोग झाला. तुमच्या फलकावर गायकांच्या फोटोंशेजारी तो ७५७ चा आकडाही मोठ्या अक्षरांत लिही.

ध्रुपदाची ओळ ठरली की फोनवर म्हणून पाठव, मात्रा मोजून सांगते.

तुझी,
आई