हिशोबात स्वतःची मजुरी धरली का?

वाचकांचे प्रश्न : छोटा धंदा

या वेळच्या पत्रांतली पाच निवडली आहेत. धंदे वेगवेगळे आहेत, पण बहुतेक हिशोबांत एक रकाना कोरा दिसला. तो मालकाच्या स्वतःच्या कामाचा आणि वेळेचा. खालच्या उदाहरणांत आपापल्या गावचे भाव घालून घ्या, रीत तीच राहील.

प्रश्न : चिंचवडला खासगी कंपनीत अकाउंट्स सांभाळते. हातात 32,000 रुपये येतात. नोकरी सोडून पोळी-भाजी केंद्र काढायचं मनात आहे. एका पोळीमागे जवळजवळ निम्मे पैसे सुटतात असं ऐकते. रोज किती पोळ्या खपल्या म्हणजे पगाराइतकं सुटेल?

निम्मे सुटतात हे फारसं चुकीचं नाही. फसगत होते ती त्यानंतर.

एक किलो कणकेत सहाशे मिलीच्या आसपास पाणी जातं. घडीच्या पोळीला 45 ते 50 ग्रॅमचा उंडा धरला तर एका किलोत 32 ते 35 पोळ्या होतात. गहू, निवडणं आणि दळण मिळून पीठ 45 रुपये किलो पडत असेल, तर पोळीमागे 1.35 रुपये. तेल साधारण 35 पैसे, व्यावसायिक सिलिंडरचा गॅस 50 पैसे. पोळ्या करणाऱ्या ताईंना नगावर दीड रुपया आणि कागद-पिशवीचे 40 पैसे. इथवर 4.10 झाले. रात्री उरणाऱ्या पोळ्यांचे 20 पैसे त्यात घाला. (न उरणारं केंद्र फक्त कागदावर असतं.) म्हणजे 4.30. आठ रुपयांना विकली तर 3.70 सुटतात.

आता दर महिन्याला ठरलेला खर्च. गाळ्याचं भाडं 15,000, वरकामाचा मदतनीस 10,000, वीज-पाणी-साफसफाई 3,000 आणि भांडी-शेगडीच्या कर्जाचा हप्ता 4,500. बेरीज 32,500. महिन्याचे 26 दिवस धरले तर रोजचे 1,250. ते भरून काढायलाच 338 पोळ्या लागतात, आणि तुमच्या हातात अजून एक रुपयाही आलेला नसतो. त्यात तुमचे 32,000 मिळवले की रोजचा आकडा 2,480 होतो, म्हणजे 670 पोळ्या. नोकरीत कंपनी भविष्य निर्वाह निधीत स्वतःचा वाटा घालत असेल, तर तोही या बेरजेत धरायला हवा.

670 पोळ्या विकणं अवघड, पण त्याहून अवघड म्हणजे त्या वेळेवर करणं. सवयीचा हात असेल तर एक बाई तासाला 50-55 पोळ्या करते. एकूण बारा-तेरा तासांचं काम, दोघींत सहज होईल असं वाटतं. पण गिऱ्हाईक दिवसभर सारखं येत नाही. दुपारी साडेअकरा ते दीड आणि संध्याकाळी साडेसहा ते नऊ, यातच बहुतेक विक्री होते. संध्याकाळच्या अडीच तासांत दोघींच्या हातून 275 पोळ्या निघतात. आधी करून ठेवल्या तर वातड होतात आणि ताज्या पोळीसाठी आलेला माणूस पुन्हा येत नाही. म्हणून अशी केंद्रं बंद पडतात ती बरेचदा गिऱ्हाईक नसल्याने नाही, तर गर्दीच्या वेळी तव्याशी तिसरी बाई नसल्याने.

यातली वाट भाजीतून निघते. पाव लिटरचा डबा 60 रुपयांना विकला आणि भाजी, मसाला, गॅस, डबा, मजुरी मिळून 35 खर्च आला तर 25 उरतात. रोज 400 पोळ्या आणि 40 डबे खपले की 1,480 अधिक 1,000, म्हणजे बरोबर 2,480. हे गणित पेलवणारं आहे. मात्र पालेभाजी निवडायला लागणारा वेळ डब्याच्या किमतीत बसत नाही. रोजची एक उसळ, एक फळभाजी आणि आठवड्यातून दोनदाच पालेभाजी, असं ठरवून घ्या.

या विक्रीने वर्षाची उलाढाल साडेसतरा लाखांच्या घरात जाते, तेव्हा कागदपत्रं आधीच पाहा. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) 2011 च्या नियमांत साध्या नोंदणीची मर्यादा 12 लाख ठेवलेली होती. चालू मर्यादेच्या वर गेलात तर राज्याचा परवाना लागतो. अर्ज करताना ती पोर्टलवर तपासा. तयार जेवण विकणं जीएसटीत सेवा धरतात आणि सेवेसाठी नोंदणीची रेषा 20 लाखांवर आहे. दुकानासाठी गुमास्त्याची ऑनलाइन सूचना द्यावी लागते. घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर धंद्यात वापरता येत नाही, 19 किलोचाच घ्या.

राजीनामा देण्याआधी घरखर्च आणि गाळ्याचं भाडं मिळून चार महिन्यांची रक्कम बाजूला हवी. सुरुवात जूनमध्ये करा. मे आणि दिवाळीत विद्यार्थी आणि एकटे राहणारे नोकरदार गावी जातात, आणि पहिलाच महिना मे निघाला तर धीर सुटतो.

प्रश्न : दिवाळीत चकलीच्या ऑर्डरी घेतो. पहिल्या दिवशी कुरकुरीत असते, चौथ्या दिवशी मऊ पडते. गेल्या वर्षी दोन गिऱ्हाइकांनी परत केली. भाजणी तीच, हातही तेच. (नाशिक)

बहुतेक वेळा दोष आचेत आणि घाईत असतो. मोठ्या आचेवर चकलीला बाहेरून रंग येतो, आत ओल राहते. ती ओल दोन-तीन दिवसांत सगळ्या चकलीत पसरते. तेल 170 ते 180 अंशांवर राहू द्या. साधा तळणीचा थर्मामीटर एका परत आलेल्या ऑर्डरीत वसूल होतो. चकली रंगावर काढू नका, बुडबुड्यांवर काढा. तेलातले बुडबुडे जवळजवळ थांबले म्हणजे आतलं पाणी गेलं. एका घाण्यात जास्त चकल्या सोडल्या की तेल एकदम थंड होतं, मग आच वाढवली जाते आणि पुन्हा तेच.

दुसरं कारण गरम भरणं. हाताला कोमट लागणारी चकलीसुद्धा पिशवीत वाफ धरते. जाळीवर पूर्ण गार करा, पण रात्रभर उघडी टाकू नका. ऑक्टोबरात पाऊस रेंगाळला असेल तर ती हवेतलीच ओल ओढते. साध्या पातळ पॉलिथिनमधून दमटपणा आत शिरतो. जाड लॅमिनेटेड पाऊच आणि सीलिंगचं यंत्र घ्या.

मोहन एक किलो भाजणीला 100 ते 125 मिली, कडकडीत. वाढलं तर चकली तेलात विरघळते, कमी झालं तर दातांना लागते. पीठ एका वेळी अर्धा किलोच भिजवा. तासभर पडलेलं पीठ सैल होतं आणि जास्त तेल पितं. चव खवट लागत असेल तर मात्र तो ओलीचा दोष नव्हे, तेलाचा आहे. आदल्या दिवशीच्या तेलात नवं तेल ओतत राहण्याची काटकसर इथे महाग पडते.

जाता जाता किमतीचं. एक किलो भाजणीची सव्वा किलोहून थोडी जास्त चकली होते, आणि त्यातला पाव हिस्सा किंवा जास्त तेल असतं. म्हणजे तेलाचा भाव चढला की चकलीचा भाव चढायलाच हवा. ऑर्डर नवरात्रात घेता आणि तेल दिवाळीच्या तोंडावर आणता, नुकसान तिथेच होतं. ॲडव्हान्स घ्या आणि त्याच आठवड्यात तेलाचे डबे भरून ठेवा. पाकिटावर घटक, निव्वळ वजन, कमाल किंमत, बॅच नंबर, बनवल्याची तारीख आणि वापराची मुदत, तुमचा पत्ता व संपर्क, शाकाहाराचं हिरवं चिन्ह आणि 14 आकडी एफएसएसएआय क्रमांक छापा.

प्रश्न : भोसरीत दोन लेथ आणि एक मिलिंग मशिन आहे. जॉबवर्क करतो. एका मोठ्या कंपनीकडून 120 दिवसांनी पैसे येतात. मागितले तर काम दुसऱ्याला जाईल. करायचं काय?

कायदा तुमच्या बाजूचा आहे, पण कागद नसेल तर उपयोगाचा नाही. 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर 15 दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. त्यासाठी माल देण्याच्या आधी उद्यम नोंदणी झालेली हवी. ती फुकट आहे आणि आधारवर होते. क्रमांक प्रत्येक बिलावर छापा. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना मात्र या तरतुदीचा फायदा मिळत नाही. तुम्ही उत्पादनात आहात, तेव्हा अडचण नाही.

दिवस कुठून मोजायचे, यावरच खरे वाद होतात. माल मिळाल्यापासून 15 दिवसांत कंपनीने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं कायदा धरतो. म्हणून चलनावर तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय टेम्पो परत आणू नका. ‘दोनशे नग रिजेक्ट’ असं दोन महिन्यांनी फोनवर सांगितलं तर ई-मेल मागा. मोजमापाचा रिपोर्ट प्रत्येक लॉटसोबत द्या. बहुतेक उशीर अशा अर्धवट रिजेक्शनच्या आडोशाने होतात.

तक्रारीआधी दोन गोष्टी कंपनीच्या अकाउंट्सला, मालकाला नव्हे, शांतपणे लिहून पाठवा. पहिली : 1 एप्रिल 2024 पासून सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे मुदतीत दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च कंपनीच्या आयकरात वजा मिळत नाही. दुसरी : 180 दिवसांत बिल चुकतं केलं नाही तर त्या बिलावर घेतलेलं जीएसटीचं इनपुट क्रेडिट (करातली वजावट) त्यांना परत करावं लागतं. मार्च जवळ आला की ही भाषा चटकन कळते. एवढ्याने भागलं नाही तर केंद्राच्या सूक्ष्म-लघु उद्योग मंत्रालयाचं तक्रार पोर्टल आहे. तिथली तक्रार सुलभीकरण परिषदेकडे जाते आणि 90 दिवसांत निकाल देण्याची तरतूद आहे. प्रत्यक्षात जास्त लागू शकतात, आणि काम तुटेल हे गृहीत धरूनच त्या वाटेने जा.

मधला मार्ग ट्रेड्सचा, म्हणजे बिलं वटवण्याच्या ऑनलाइन व्यवस्थेचा. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना त्यावर नोंदणी सक्तीची आहे. कंपनीने बिल मान्य केलं की बँका त्यावर बोली लावतात आणि थोडा बट्टा कापून पैसे तुमच्या खात्यात येतात. कंपनीची 120 दिवसांची सवय मोडत नाही, पण त्याचा भार तुमच्या गल्ल्यावरून उतरतो. तो बट्टा दर ठरवतानाच धरा. कारण आज तुम्ही कामगारांचा पगार दर महिन्याला आणि जीएसटी पुढच्या महिन्याच्या 20 तारखेला खिशातून भरता, म्हणजे एका मोठ्या कंपनीला बिनव्याजी कर्ज देता. एकाच गिऱ्हाइकाकडून निम्म्याहून जास्त काम येत असेल तर दुसरी मशिन घेण्याआधी दुसरं गिऱ्हाईक शोधा.

प्रश्न : मुद्रा कर्ज मंजूर करून देतो म्हणून एक एजंट आठ टक्के मागतो. द्यावेत का? (परभणी)

नाही. थेट बँकेत किंवा सरकारच्या जनसमर्थ पोर्टलवर अर्ज करा. तारण लागत नाही. शिशु 50,000 पर्यंत, किशोर 5 लाखांपर्यंत, तरुण 10 लाखांपर्यंत. तरुण कर्ज फेडलेल्यांना 20 लाखांपर्यंत. अर्ज अडतो तो बहुधा जुन्या थकलेल्या हप्त्यामुळे किंवा यंत्राचं कोटेशन नसल्यामुळे, आणि हे दोन्ही एजंटच्या हातात नसतं.

प्रश्न : घरी ब्लाउज शिवते. नोकरीचा जाच नको म्हणून सुरू केलं होतं. आता रात्री अकरापर्यंत मशिनवर असते, तरी हातात काही राहत नाही. ओळखीच्यांकडे दर वाढवायला संकोच वाटतो. (सातारा)

एका आठवड्यात घड्याळ लावून मोजा. अस्तराच्या ब्लाउजला मापं आणि कटिंग अर्धा तास, शिलाई दोन तास, हूक-काज-हेम अर्धा तास. म्हणजे तीन तास. 350 रुपयांतून दोरा, हूक, कॅनव्हासचे 20 गेले, तासाला 110 उरले. आता ‘जरा इथे सैल कर’ म्हणून परत आलेले ब्लाउज मोजा. प्रत्येकी अर्धा तास, बिनपैशाचा. पाचातले दोन परत येत असतील तर तुमचा तास 103 रुपयांवर आला. दर वाढवण्याआधी ही परतफेर थांबवा. मापं वहीत तारखेसह लिहा, अंगावरचं माप आणि जुन्या ब्लाउजचं माप दोन्ही घ्या, सुती अस्तर आधी भिजवून वाळवा. नाहीतर पहिल्या धुण्यात आटतं आणि बोल तुम्हाला लागतो. पहिली दुरुस्ती आठ दिवसांत फुकट, नंतर 50 रुपये.

हूक-काज बाहेर द्या. नगामागे 30 रुपये गेले तरी अर्धा तास वाचतो, आणि तुमचा तास 110 चा आहे.

दरासाठी तोंडी बोलू नका. छापील दरपत्रक भिंतीला लावा : साधा, अस्तराचा, पॅडचा, आणि चार दिवसांत हवा असेल तर दीडपट. लग्नसराईच्या आधी, गुढीपाडव्यापासून नवा दर, अशी चिठ्ठी महिनाभर आधी चिकटवा. निम्मी रक्कम कापड घेतानाच घ्या. जवळच्यांना सवलत द्यायचीच असेल तर पावतीवर पूर्ण दर लिहून खाली सवलत दाखवा, म्हणजे पुढच्या वेळी तोच कमी दर ठरलेला म्हणून मागितला जात नाही. दिवसाला तीन ब्लाउज ही मर्यादा धरा आणि चौथ्याला पुढच्या आठवड्याची तारीख द्या.