फ्रीजमधल्या चिखलाच्या पिशव्या

चिपळूणहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी टी.वाय.बी.एस्सी.ला, विषय रसायनशास्त्र, ७१ टक्के. त्सुनामीने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या गाळातल्या धातूंवर तिला संशोधन करायचंय. वडील लिहितात, 'त्सुनामी काय रोज येते? मला तिला बँकेच्या परीक्षेला बसवायचंय. खाडीतला चिखल तिने फ्रीजमध्ये दुधाशेजारी ठेवला होता, तो मी गटारात ओतला. तेव्हापासून ती बोलत नाही. तिला समजवा.'

नमस्कार. तिच्या टक्क्यांची मला काळजी नाही, त्या पिशव्यांची आहे. तुम्हीच लिहिलंय की प्रत्येक पिशवीवर तारीख, जागा आणि किती खोलवरचा गाळ ते लिहिलेलं होतं, आणि घरात स्टीलचे चमचे असताना ती प्लॅस्टिकचा चमचा घेऊन गेली. तुम्हाला तो खुळेपणा वाटला. अहो, स्टीलमध्ये क्रोमियम असतं, बहुतेकदा निकेलही. त्याचा अंश नमुन्यात उतरला तर मोजणीच फसते. एवढं जपणाऱ्या पोरीची मेहनत तुम्ही गटारात ओतलीत. आधी तिची माफी मागा. समजवायचंच तर मला तुम्हाला समजवावं लागेल.

त्सुनामी रोज येत नाही, कबूल. पण धातू त्या लाटेत तयार होत नाहीत. बंदरं, कारखाने, खाणी यांतून आलेलं शिसं, जस्त, तांबं समुद्रतळाच्या बारीक चिखलाला चिकटून वर्षानुवर्षं साचतं, खडकांतून आलेलं आर्सेनिकही. लाट तो चिखल उचलून शेतात आणून टाकते. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर थायलंडच्या किनाऱ्यावर संशोधकांनी असा गाळ तपासला. एका पावसाळ्यात त्यातलं मीठ बरंचसं धुऊन गेलं, धातू मात्र बहुतांशी तिथेच राहिले. मग धातू किती आहे एवढं मोजून भागत नाही. तो गाळाला किती घट्ट धरून आहे, पिकाच्या मुळाला मिळेल का, हे शोधावं लागतं. २२ जुलै २०२१ ला तुमच्या बाजारपेठेत वाशिष्ठी नदी शिरली आणि ओसरताना दुकानादुकानांत चिखल ठेवून गेली, आठवतंय ना? त्यात काय आहे हे तपासायचं तरी रीत हीच. खाडीचा, बंदरातून उपसलेला, धरणातला गाळही असाच तपासतात. हे काम बारमाही आहे.

परीक्षाच द्यायच्या तर एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी जॅम, पुढे पीएच.डी.साठी नेट किंवा गेट. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ती तिला एकदा दाखवून आणा.

लेकीलाही माझा निरोप द्या. नुसत्या 'त्सुनामी' शब्दावर भाळू नकोस, विश्लेषणात्मक रसायनशास्त्र आणि संख्याशास्त्र पक्कं कर. धातू बारीक कणांना जास्त चिकटतात, त्यामुळे एका जागची वाळू आणि दुसऱ्या जागचा चिखल थेट ताडून पाहिलास तर निष्कर्ष चुकेल.

पैशाचं स्पष्ट सांगतो. पीएच.डी.त पाच-सहा वर्षं जातात आणि तोवर बँकेतल्या मैत्रिणी तिच्यापेक्षा जास्त कमावतील. घराला तिच्या पगाराची लवकर गरज असेल तर तसं तिला सरळ सांगा. एम.एस्सी. करून माती-पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरी धरता येते, संशोधनाचं नंतर पाहता येईल. पण गरज पैशाची आणि बोलणं त्सुनामीचं, असं करू नका.

येत्या रविवारी तिच्याबरोबर खाडीवर जा. ओहोटी कधी आहे ते तिलाच विचारा, आणि पिशव्यांवर तारीख तुम्ही घाला.