मला कसली आवडच नाही, असं वाटतं तेव्हा

“मॅडम, मला बहुतेक कसली आवडच नाहीये. असती तर एवढ्या वर्षांत कळली नसती का?”

करिअर समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसलेले गृहस्थ ३६ वर्षांचे. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये १३ वर्षं, त्यातली शेवटची २ टीम लीड म्हणून. आता मॅनेजरपद समोर आलं होतं आणि त्यांना सगळंच सोडून द्यावंसं वाटत होतं. सोडून काय करायचं, ते मात्र सांगता येत नव्हतं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत आणि त्यांच्या परवानगीनेच लिहिते आहे.)

हे वाक्य मी वरचेवर ऐकते, आणि दर वेळी वाईट वाटतं. आवड म्हणजे आत कुठेतरी तयार पडून असलेली वस्तू, ती ज्याला सापडत नाही त्याच्यातच काहीतरी कमी, असं लोक धरून चालतात आणि स्वतःला कोसत राहतात.

त्यांना आवड शोधून देणारी टेस्ट हवी होती. मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ मध्ये कामांचं आणि माणसांचं सहा प्रकारांत वर्गीकरण मांडलं. हातांनी करायची कामं, शोध घेण्याची, कलेची, माणसांना मदत करण्याची, पुढाकार घेऊन पटवून देण्याची आणि नोंदी-व्यवस्थेची. त्यावर आधारलेली चाचणी मी पहिल्याच भेटीत दिली. ती घाई झाली. सहाही प्रकारांत गुण जवळपास सारखे आणि सगळीकडे कमी. “बघा, म्हटलं नव्हतं?” ते म्हणाले. थकलेला माणूस प्रत्येक कामापुढे ‘नको’वरच खूण करतो. तो कागद त्यांचा थकवा दाखवत होता, पण त्यांनी तो स्वतःबद्दलचा निकाल म्हणून वाचला.

मग मी झोपेबद्दल, भुकेबद्दल विचारलं. कामाव्यतिरिक्त कशात मन लागतं का? लागत होतं. मुलीबरोबर खेळताना ते रमायचे, मित्रांत हसायचे. सगळ्याच गोष्टींतली गोडी गेली असती, तर करिअरचं बोलणं बाजूला ठेवून मी त्यांना आधी डॉक्टरांकडे पाठवलं असतं. नैराश्य पुष्कळदा ‘माझं क्षेत्र चुकलं’ या शब्दांत बोलतं.

दुसऱ्या भेटीत एक वेगळा प्रश्न विचारला. लहानपणी, आईवडील सोडून, तुम्हाला कोणाचं कौतुक वाटायचं? मार्क सॅविकस या समुपदेशनतज्ज्ञांच्या मुलाखतपद्धतीत हा प्रश्न येतो. आपण ज्यांचं कौतुक करतो त्यांच्याविषयी बोलताना, स्वतः कसं व्हावंसं वाटतं तेच सांगत असतो, असं त्यामागचं म्हणणं.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “शेजारी एक काका होते. बंद पडलेलं काहीही उघडून बसायचे. दुरुस्त होवो न होवो, का बिघडलं ते कळल्याशिवाय उठायचे नाहीत.” बोलताना त्यांचे हात काहीतरी उघडल्यासारखे हलत होते. मी ते तसंच्या तसं लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. त्यावर अर्थ लावायची घाई या वेळी केली नाही.

घरी करायला दिली ती एक वही. १५ दिवस, रोज रात्री दोनच नोंदी: आज कुठल्या कामात वेळ भर्रकन गेला आणि कुठल्या कामाने पिळून काढलं. मन काय म्हणतं ते लिहायचं नाही, फक्त घडलं ते.

वही परत आली तेव्हा पिळून काढणाऱ्या रकान्यात पानोपानी तेच होतं. कामवाटप, आढावा बैठका, कोणाची रजा मंजूर करायची. दुसरा रकाना बहुतेक रिकामा, फक्त चार नोंदी. चारही वेळा कोणाला न सापडणारा बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधला दोष, ते शोधत बसले होते, एकदा तर जेवण विसरून.

“म्हणजे मला काम नकोसं झालेलं नाही,” ते सावकाश म्हणाले, “माझं काम माझ्याकडून गेलंय.”

तेव्हा मी त्यांना मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन यांच्याबद्दल सांगितलं. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या ४४ पदवीधरांना त्यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला आणि पुन्हा सुमारे दहा-बारा वर्षांनी भेटून मुलाखती घेतल्या. त्यांना दिसलं ते असं, की करिअरमध्ये माणूस अगदी निर्वाणीच्या वेळीही जे सोडत नाही तो त्याचा ‘नांगर’ (जहाजाला जागेवर धरून ठेवणारा, शेतातला नव्हे), आणि तो प्रत्यक्ष कामाचा काही वर्षांचा अनुभव घेतल्यावरच उमगत जातो. काहींचा नांगर माणसं आणि कारभार सांभाळण्यात असतो, काहींचा आपल्या कसबात. दोन्हींना सारखाच मान हवा, असं मला मनापासून वाटतं. बढती नको म्हणणाऱ्याला महत्त्वाकांक्षा नाही असं आपण किती सहज म्हणतो!

“म्हणजे २२व्या वर्षी कळलं नाही, ते बरोबरच होतं?” त्यांनी विचारलं. त्यानंतर ते रडले.

त्यांनी वरिष्ठांशी मोकळेपणाने बोलून मॅनेजरपदाला नकार दिला. निव्वळ तांत्रिक बढतीची वाट त्यांच्या कंपनीत नव्हती, पण तीन महिने कामवाटप एका सहकाऱ्याकडे देऊन, आठवड्याचे दोन दिवस अवघड बग यांच्याकडे, एवढं ठरलं. सध्या सातवा आठवडा चालू आहे. वही चालूच आहे.

पगारवाढ हुकली, तो प्रश्न मात्र सुटलेला नाही, आणि घरात त्यावरून कुरबुर आहे. पुढच्या भेटीला ते पत्नीला घेऊन येणार आहेत. आम्ही तिघं बसून घरखर्चाचा हिशेब मांडणार आहोत.