छत्तीस मिनिटं कोण खेळणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बास्केटबॉलमधला आवडता संघ जानेवारीपर्यंत वरच्या दोनात होता, मग दोन मुख्य खेळाडू जखमी झाले आणि प्लेऑफमध्ये, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांमध्ये, सगळं कोसळलं. याला नशीब म्हणायचं की कोचची चूक? आणि हंगामाच्या मधेच कोच बदलून काही होतं का?

मी सोलापुरात बरीच वर्षं बास्केटबॉल खेळलो, आता गुडघ्यांनी रजा घेतल्यामुळे शाळेच्या पोरांना शिकवतो. एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगचे, अंतिम सामने आपल्याकडे सकाळी सहाला लागतात, ते चहाबरोबर बघायची जुनी सवय आहे. त्या जोरावर लिहितोय, डॉक्टर नाही.

आधी हिशेब बघा. सामना ४८ मिनिटांचा, मैदानात पाच जण, म्हणजे एका संघाला प्रत्येक सामन्यात २४० मिनिटं भरायची असतात. तुमचा हुकमी खेळाडू ३६ मिनिटं खेळत असेल आणि तो बसला, तर छत्तीस मिनिटांचा खड्डा पडतो. तो एका माणसाने भरत नाही. सहावा खेळाडू पहिल्या पाचात येतो, सातव्याला सहाव्याचं काम करावं लागतं आणि महिनाभर घाम न आलेला नववा-दहावा अचानक बारा मिनिटं खेळतो. शिवाय ज्या दुसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला आजवर मोकळीक मिळत होती, त्याच्या अंगावर आता समोरच्यांचा सगळ्यात चिवट बचावपटू सोडला जातो. म्हणून वीस गुण करणारा माणूस गेला की संघाचे फक्त वीस गुण जात नाहीत, उरलेल्यांचा खेळही बिघडतो.

दुखापत कुणाला होईल हे कोचच्या हातात फारसं नसतं, मान्य. पण त्या दिवशी त्याच्याकडे नववा माणूस आहे की नुसती खोगीरभरती, हे त्याने नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच ठरवलेलं असतं.

माझ्या मते याचं सगळ्यात चांगलं उदाहरण २०१५ ची एनबीए फायनल, गोल्डन स्टेट विरुद्ध क्लीव्हलँड. गोल्डन स्टेटच्या स्टीव्ह केरचं कोच म्हणून ते पहिलंच वर्ष. हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर डेव्हिड ली या मुरलेल्या खेळाडूची मांडीमागचा स्नायू दुखावला, म्हणून ड्रेमंड ग्रीनला पहिल्या पाचात घेतलं. ली बरा होऊन आला तरी केरने ग्रीनला हलवलं नाही. आंद्रे इग्वोडाला याने त्याआधी कारकिर्दीतला प्रत्येक सामना सुरुवातीपासून खेळलेला, त्याला केरने बेंचवर बसवलं. असं सांगायला छाती लागते, आणि ऐकून घ्यायला त्याहून मोठी. तो संघ ६७ सामने जिंकला.

क्लीव्हलँडकडे मात्र एकेक जण गळत होता. केव्हिन लव्हचा खांदा पहिल्याच फेरीत निखळला, कायरी अर्विंगच्या गुडघ्याची वाटी फायनलच्या पहिल्या सामन्यात फुटली. उरला लेब्रॉन जेम्स. फायनलमध्ये तो सरासरी जवळपास ४६ मिनिटं खेळला. तरी क्लीव्हलँड २-१ ने पुढे गेलं होतं! पण तिसऱ्या सामन्यानंतर अर्विंगच्या जागी खेळणाऱ्या डेलावेडोव्हाला पायात गोळे येऊन दवाखान्यात न्यावं लागलं. सात-आठ जणांवर चाललेला संघ किती ताणला गेला होता, ते तिथे दिसलं.

चौथ्या सामन्यात केरने उंचापुरा सेंटर बोगट बसवला आणि इग्वोडालाला सुरुवातीपासून उतरवलं. ही कल्पना निक युरेन नावाच्या त्याच्या एका तरुण मदतनिसाची. २०१४ च्या फायनलमध्ये सॅन अँटोनियोने बोरिस डिऑला असंच मधेच पहिल्या पाचात आणलं होतं, त्या सामन्यांचं चित्रण बघताना युरेनला ते सुचलं. (केर सामन्याआधी पत्रकारांशी चक्क खोटं बोलला की बदल नाही, आणि नंतर ते कबूलही केलं.) गोल्डन स्टेटने तो सामना २१ गुणांनी जिंकला, पुढचे दोनही जिंकले, आणि त्या वर्षी साखळीत एकही सामना सुरुवातीपासून न खेळलेला इग्वोडाला फायनलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. समोरच्या कोचकडे, डेव्हिड ब्लॅटकडे, फिरवायला पत्तेच नव्हते. त्याची चूक किती, दुर्दैव किती, यावर वाद घालता येईल, पण दोन हुकमी खेळाडू गेल्यावर कुणाचंही डोकं चालून चालून किती चालणार?

ज्यांच्याकडून केरच्या लोकांनी कल्पना उचलली, तो सॅन अँटोनियोचा कोच ग्रेग पॉपोविच या विषयातला आजोबा. नोव्हेंबर २०१२ मध्ये त्याने मायामीच्या सामन्याआधी डंकन, पार्कर, जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या मुख्य खेळाडूंना विश्रांतीसाठी सरळ विमानाने घरी पाठवलं. लीगने अडीच लाख डॉलर दंड ठोकला. प्रेक्षकांच्या बाजूने बघितलं तर दंड योग्यच, तिकिटाचे पैसे मोजून आलेल्या पोराने कुणाला बघायचं? पण २०१३-१४ मध्ये त्याच्या संघात एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत गेली नाही, संघाने ६२ सामने जिंकले आणि फायनल ४-१ ने मारली. विश्रांतीइतकाच महत्त्वाचा भाग असा की त्या उरलेल्या मिनिटांत दहा-बारा जण तयार झाले. आता २०२३-२४ पासून मोठ्या वैयक्तिक पुरस्कारांसाठी किमान ६५ सामने खेळायची अट आहे, त्यामुळे ही मोकळीक कमी झाली.

आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज, म्हणजे त्या उंच जड काठ्या, पेलताना बघितलेत ना? एकाच माणसाच्या जिवावर ते सात नंदीध्वज अडुसष्ट लिंगांची वाट पुरी करणार नाहीत. पेलणारे बदलत जातात, मिरवणूक थांबत नाही. त्यासाठी यात्रेच्या कितीतरी आधीपासून सराव चालतो, आणि त्यात नवीन पोरांच्या हातातही काठी देतात. डगमगते, पण देतात.

हे शहाणपण मला उशिरा आलं. काही वर्षांपूर्वी आंतरशालेय स्पर्धेत माझा एक पॉइंट गार्ड (चेंडू पुढे नेऊन खेळ मांडणारा) होता, चेंडू जणू हाताला चिकटलेला. साखळीतले सोपे सामने आम्ही तीस-तीस गुणांनी जिंकत होतो तरी मी त्याला बाहेर काढलं नाही. उपांत्य सामन्याच्या सकाळी तो पोटरी चोळत बसलेला. विचारलं तर म्हणाला, "काय नाही ओ सर, खेळतो की." मलाही तेच ऐकायचं होतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये उडी नाही, धक्का नाही, साधा वळला आणि सिमेंटवर बसला. स्नायू फाटला होता, दीड-दोन महिने गेले. त्याच्या जागी ज्याला उतरवलं त्याने तोवर स्पर्धेत दहा मिनिटंही चेंडू नेलेला नव्हता, आणि समोरच्यांनी त्याला पूर्ण मैदानभर दाबला. हरलो. रात्री घरी गेलो तर पोराचे वडील रागावले नाहीत, एवढंच विचारलं, "शाळा किती दिवस बुडंल ओ?" त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं.

म्हणून "खेळू की नको" हा निर्णय एकट्या खेळाडूवर सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. खेळाडू नेहमी हो म्हणतो. २०१९ मध्ये गोल्डन स्टेटचा केव्हिन ड्युरंट पोटरीच्या दुखण्याने महिनाभर बाहेर होता. संघ फायनलमध्ये ३-१ ने मागे पडला, तेव्हा तो पाचव्या सामन्यात उतरला. बारा मिनिटांत ११ गुण केले आणि टाचेमागची जाड शीर, अकिलीस, तुटली. पुढच्या सामन्यात क्ले थॉम्पसनचा गुडघा गेला आणि टोरोंटो जिंकलं. त्याच टोरोंटोने कवाय लेनर्डला साखळीत ८२ पैकी फक्त ६० सामने खेळवले होते! २०२५ मध्ये इंडियानाच्या टायरीस हॅलिबर्टनचं तसंच झालं: पाचव्या सामन्यात पोटरी दुखावली, सहावा खेळून जिंकला, सातव्यात सात मिनिटांत ९ गुण आणि अकिलीस तुटली. पोटरीचे स्नायू खाली त्याच शिरेत उतरतात, त्यामुळे पोटरी धरली की मला धडकी भरते, पण एकामुळेच दुसरं झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. हॅलिबर्टनने तर नंतर लिहिलं की पुन्हा वेळ आली तर पुन्हा खेळेन. फायनलचा सातवा सामना असताना त्याला बसवणारा कोच मला तरी माहीत नाही, मीही बसवला नसता.

शिकागोचा हुकमी खेळाडू डेरिक रोझचं प्रकरण वेगळं. एप्रिल २०१२, प्लेऑफचा पहिला सामना, शिकागो १२ गुणांनी पुढे, दीड मिनिटही उरलेलं नाही, आणि रोझच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटला. त्या हंगामात आधीच किरकोळ दुखण्यांमुळे तो ६६ पैकी ३९ च सामने खेळला होता. कोच टॉम थिबोडोवर तेव्हापासून लोक तुटून पडतात. बारा गुणांची आघाडी प्लेऑफमध्ये सुरक्षित नसते हे खरं, पण माझी पोटरीवाली गोष्ट आठवते आणि मी लोकांच्या बाजूने जातो. अव्वल मानांकित शिकागो मग आठव्या मानांकित फिलाडेल्फियाकडून हरलं.

आता कोच बदलण्याचं. बऱ्याचदा ते तहान लागल्यावर विहीर खोदणं असतं. अपवाद आहे: वर सांगितलेल्या ब्लॅटला क्लीव्हलँडने जानेवारी २०१६ मध्ये काढलं, तेही ३० विजय ११ पराभव असताना, आणि टायरॉन लूच्या हाताखाली तोच संघ ३-१ ने मागे पडूनही विजेता झाला. पण त्या वर्षी लव्ह आणि अर्विंग दोघेही फायनलला होते (डोक्याला मार लागल्याने लव्ह एकच सामना मुकला), हे विसरू नका. समोर ७३ सामने जिंकलेल्या गोल्डन स्टेटमध्ये हुकमी खेळाडू स्टेफन करीचा गुडघा प्लेऑफच्या सुरुवातीलाच दुखावलेला, आणि बोगट फायनलच्या पाचव्या सामन्यात जायबंदी. गंमत म्हणजे त्याच हंगामात केर स्वतः पाठीच्या शस्त्रक्रियेनंतरच्या त्रासाने पहिले ४३ सामने नव्हता, आणि सहायक ल्यूक वॉल्टनने त्यातले ३९ जिंकून दिले. कोचचा बदली माणूससुद्धा तयार होता!

तुमच्या संघाबद्दल विचारलंत तर डिसेंबरमधल्या सामन्यांचे आकडे काढा आणि दुसऱ्या क्वार्टरची पहिली चार मिनिटं बघा. मुख्य खेळाडू बहुतेक तेव्हाच बसतात. त्या वेळी कोण मैदानात होतं, चेंडू कोण नेत होतं, आणि वीस गुणांनी पुढे असतानाही तेच पाच जण धावत होते का, ते इथे टाका. मग पुढचं बोलू. उन्हामुळे सध्या आमचा सराव साडेसहालाच असतो, त्यामुळे सकाळी उत्तर आलं नाही तर समजून घ्या.