निऱ्या, नाडी आणि ‘विसरलो’

प्रश्न : मी ३१ वर्षांची ट्रान्स स्त्री असून नाशिकमध्ये एका खासगी कार्यालयात हिशेबाचे काम करते. मार्च महिन्यापासून मी घरी आणि बाहेर स्त्री म्हणून वावरू लागले आणि तेव्हापासून एकही आठवडा फजितीवाचून गेलेला नाही. चुलतबहिणीच्या लग्नात पहिल्यांदा साडी नेसले, तर पंगतीत वाकून वाढताना निऱ्याच सुटल्या. चेहऱ्यावर दोन थर फाउंडेशन लावूनही दाढीची निळसर छटा दिसत होती आणि सहा वर्षांच्या भाचीने सगळ्यांसमोर ‘तोंडाला पीठ का लावलंय?’ असे विचारले. बँकेत खिडकीपाशी उभी असताना ‘अर्ज आणायला विसरलो’ असे तोंडून निघाले आणि मागच्या रांगेतील माणसे माझ्याकडे पाहू लागली. दाढीचे केस काढण्याच्या लेझरच्या पहिल्या बैठकीला जाताना चेहरा गुळगुळीत असावा म्हणून आदल्या दिवशी वॅक्सिंग केले, तर त्यांनी मला तसेच परत पाठवले. शरीरात स्त्रीत्वाचे बदल व्हावेत म्हणून एका मैत्रिणीच्या सांगण्यावरून दोन महिने गर्भनिरोधक गोळ्या घेत आहे, त्यांचा अजून काही उपयोग दिसत नाही; उलट उभे राहून राहून डावी पोटरी तेवढी दुखते. इतक्या चुका होत असतील, तर मी स्त्री असल्याचे निव्वळ सोंग करते आहे का, असा प्रश्न रात्री छळतो.
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे पत्र हाती पडले त्याच दिवशी संपादकांकडून क्रमांक घेऊन मी तुम्हाला फोन केला होता आणि पुढचा मजकूर तुमच्या परवानगीनेच लिहीत आहे. पत्रात निऱ्यांना, पिठाला आणि बँकेला ऐसपैस जागा मिळाली आहे, पोटरी मात्र एका वाक्याच्या शेपटीला अडकवलेली आहे. मला घाबरवले ते त्या शेपटीने. पायातील रक्तप्रवाह पाहणाऱ्या डॉपलर तपासणीत रक्ताची गाठ आढळली नाही हे तुम्ही कळवलेत तेव्हा कुठे मी तुमच्या बाकीच्या फजित्या हसत हसत वाचू शकले.

गर्भनिरोधक गोळ्यांविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण औषधांच्या दुकानात सहज मिळणारी आणि मैत्रिणीने खात्री दिलेली ही गोळी आपल्यापैकी पुष्कळजणींनी घेतलेली आहे. यांतील बहुतेक गोळ्यांमध्ये एथिनिल एस्ट्रॅडिऑल हे कृत्रिम इस्ट्रोजेन, म्हणजे स्त्री-संप्रेरक, असते. शरीरात स्त्रीत्वाचे बदल घडवण्यासाठी अंतःस्रावतज्ज्ञ, म्हणजे संप्रेरकांचे डॉक्टर, जे एस्ट्रॅडिऑल देतात त्याच्या तुलनेत या कृत्रिम रूपाने रक्त गोठण्याचा धोका अधिक वाढतो, आणि म्हणूनच ट्रान्स स्त्रियांच्या उपचारातून ते बाद झाले आहे. बदल दिसेनात म्हणून एकीच्या जागी तीन-तीन गोळ्या घेण्याची जी रीत ऐकू येते, तिच्यामुळे बदल लवकर होत नाहीत, धोका तेवढा वाढतो. त्यात सिगारेट असेल तर आणखी. एकच पाय सुजणे, पोटरी दुखणे व गरम लागणे, एकाएकी धाप लागणे, छातीत कळ येणे यांपैकी काहीही झाले तर उत्तराची वाट पाहत मासिकाला पत्र लिहू नये, सरळ रुग्णालयात जावे आणि कोणती गोळी किती दिवस घेतली हे लाज न बाळगता सांगावे. आमच्या पिढीतील कित्येकींनी ही गोष्ट डॉक्टरांपासून लपवली. ओरडा बसेल ही त्यांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. परंतु गोळी ठाऊक नसलेला डॉक्टर पोटरी दाबून वेदनाशामक लिहून देतो.

अंतःस्रावतज्ज्ञांकडे गेलात की आधी रक्तदाब, यकृत, साखर, संप्रेरकांची पातळी यांच्या तपासण्या होतील. पुरुषी संप्रेरकांना रोखणारे स्पायरोनोलॅक्टोन सुरू केले तर पोटॅशियमही पाहत राहावे लागते. पुढे कधी स्वतःचे मूल हवेसे वाटण्याची शक्यता असेल तर उपचारापूर्वीच शुक्राणू गोठवून ठेवण्याविषयी विचारा. आणि एक अपेक्षा आताच सोडून द्या : दोन महिन्यांत आरशात कोणी वेगळे दिसत नसते. छातीची वाढ पुरी व्हायला दोन-तीन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. इस्ट्रोजेनने आवाज तर बदलतच नाही. तो सरावाने बदलतो, आणि त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञांची मदत घेणे बरे, कारण नुसता उंच, चोरटा आवाज काढत राहिले की संध्याकाळपर्यंत घसा बसतो.

आता बँकेतील प्रसंग. मराठीने आपल्यासाठी ही परीक्षा फार चलाखीने रचली आहे. ‘मी चहा घेतला’, ‘मी भाजी आणली’, ‘मला उशीर झाला’, ‘मी उद्या येईन’ या वाक्यांत बोलणारा पुरुष की स्त्री हे क्रियापद सांगत नाही, म्हणून तिथे आपण निर्धास्त असतो. पण येणे, जाणे, बसणे यांच्याबरोबरच विसरणे, म्हणणे, शिकणे, जेवणे अशी काही क्रियापदे कर्म असतानाही कर्त्यालाच चिकटतात आणि नेमकी तीच गडबडीत तोंडी येतात. तुम्ही ‘विसरलो’वर घसरलात, मी एका जिन्यात अंधारात कुत्रा अंगावर आला तेव्हा ‘दचकलो’ असे ओरडले होते. सरावासाठी मी एक उपाय सांगते. रोज रात्री दिवसभराची हकिगत स्वतःशीच मोठ्याने सांगायची, आणि तीही मुद्दाम याच क्रियापदांनी : उठले, निघाले, विसरले, जेवले, दमले. दीडएक महिन्यात जिभेला वळण लागते. बँकेत माणसे वळून पाहू लागली ती तुमच्या ‘विसरलो’मुळे की त्यानंतर तुम्ही गप्प होऊन लालबुंद झालात त्यामुळे, याचाही विचार करा, ‘विसरले’ एवढे म्हणून कागदाकडे वळला असतात तर अर्ध्या लोकांना ऐकू आले ते खरे की भास हेही कळले नसते. कोल्हापूरकडच्या कितीतरी बायका ‘मी आलो’, ‘मी जातो’ असेच बोलतात आणि त्यांच्या स्त्रीपणाविषयी कोणालाही शंका येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजीच्या निकालात आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा व्यक्तीचा अधिकार मान्य केला, त्यातही क्रियापदे चालवून दाखवण्याची अट नव्हती.

साडीचे म्हणाल तर दोष निऱ्यांचा नव्हे, बहुधा परकराच्या नाडीचा आहे. पोटाला काचेल या भीतीने नवख्या मुली नाडी सैल बांधतात आणि सगळी साडी त्या नाडीच्या भरवशावर उभी असते. नाडी कमरेच्या बेतात घट्ट बांधा. जी चप्पल घालून जायचे ती पायांत घालूनच साडीची उंची ठरवा. निऱ्या खोचण्यापूर्वी एकत्र धरून परकराला मोठी सेफ्टी पिन लावा. आणि पहिली साडी लग्नात नव्हे, घरी नेसा. ती नेसून केर काढा, जिना चढा, मांडी घालून जेवा. जे सुटायचे ते घरात सुटेल.

मेकअपमध्ये तुम्ही थर वाढवलेत, तिथे रंग बदलायला हवा होता. दाढीच्या निळसर छटेवर त्वचेच्या रंगाचे फाउंडेशन कितीही थापले तरी ती राखाडी होऊन वर येते. त्याखाली फक्त छटेपुरता नारिंगी करेक्टर अगदी पातळ लावला की निळेपणा मरतो आणि मग वर एक हलका थर पुरतो. फाउंडेशनचा रंग मानेशी जुळवा आणि दुकानातील दिव्याखाली नव्हे, दारात उन्हात येऊन पाहा. आता लेझरचे. लेझरचा प्रकाश केसातील काळा रंग शोषतो आणि त्याची उष्णता मुळाला जाळते. वॅक्सिंगने मूळच उपटून निघाले की जाळायला काही उरत नाही. म्हणून बैठकीपूर्वी फक्त वस्तरा किंवा रेझर चालतो, आणि वॅक्सिंग झालेच असेल तर चार ते सहा आठवडे थांबावे लागते. पिकलेल्या केसांवर लेझरचा उपयोग होत नाही, तिथे विजेने एकेक केसाचे मूळ नष्ट करणारे इलेक्ट्रोलिसिसच करावे लागते.

सोंगाच्या प्रश्नाला मी मुद्दाम शेवटी ठेवले, कारण तो तितका मोठा आहे असे मला वाटत नाही. तुमच्या चुलतबहिणीने तेराव्या-चौदाव्या वर्षी आईची लिपस्टिक गालभर फासली असेल, गॅदरिंगच्या नाचात तिचीही साडी सुटली असेल; तेव्हा आत्या, मावशी, शेजारीण यांच्यापैकी कोणीतरी तिला दटावून, हसून पुन्हा नेसवली, आणि आज ते कोणाला आठवतही नाही. तुम्ही तेच वय एकतिसाव्या वर्षी, पगाराच्या नोकरीत, बँकेच्या रांगेत काढत आहात आणि दटावायला जवळ आत्या नाही, इतकाच फरक. मी स्वतः सुरुवातीच्या दिवसांत सकाळी आठ वाजता जरीची साडी नेसून मंडईत गेले होते. भाजीवालीने ‘कुणाचं लग्न आहे, ताई?’ असे विचारले तेव्हा ‘ताई’ ऐकून मी इतकी हरखले की प्रश्नातील पूर्वार्धाचा अर्थ घरी येऊन मेथी निवडताना उमगला. दुसऱ्या दिवशी सुती कुर्ता घालून गेले, तिने मेथीची जुडी दिली आणि वर मानही केली नाही. त्या न पाहण्याचा आनंद तुम्हालाही मिळेल.

प्रश्न : मी डोंबिवलीचा २४ वर्षांचा ट्रान्स पुरुष आहे. टेस्टोस्टेरॉन सुरू होऊन पाच महिने झाले आहेत, आवाज फाटला आहे, केस कापले आहेत. गेल्या सोमवारी कानात गाणी लावून सवयीने लोकलच्या लेडीज डब्यात चढलो. बायकांनी असा आरडाओरडा केला की पुढच्या स्थानकावर पळत सुटलो. छातीला क्रेप बँडेज बांधलेले असल्याने श्वास लागून फलाटावर खाली बसलो. आता लोकलची धास्ती बसली आहे.

उत्तर : ज्या बायकांनी तुम्हाला हाकलले त्यांनी तुम्हाला पुरुष म्हणून किती बिनचूक ओळखले, हे पत्र पुन्हा वाचताना तुमच्याही लक्षात येईल आणि कदाचित हसू येईल. तरीही हे पुन्हा होऊ देऊ नका. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६२ प्रमाणे स्त्रियांसाठी राखीव डब्यात पुरुषाने चढणे हा गुन्हा आहे, आणि ओळखपत्रावर जुने नाव असताना पोलिसांपुढे खुलासे देत बसणे तुम्हाला महागात पडेल. इतकी वर्षे तुमचे पाय एकाच पुलावरून उतरून फलाटाच्या एकाच खांबापाशी थांबत आले आहेत. डोक्याला कितीही बजावले तरी पाय ऐकत नाहीत. म्हणून पूलच बदला. दुसऱ्या टोकाच्या पुलावरून उतरा, उभे राहण्याची नवी जागा ठरवा आणि पहिले काही आठवडे कानांतील गाणी बंद ठेवा. गर्दीच्या वेळी जनरल डब्यात दारातून आत कसे शिरावे हेही नव्याने शिकावे लागेल. सुरुवातीला एखाद्या मित्राबरोबर प्रवास करा.

क्रेप बँडेज मात्र आजच सोडा. ते हालचालीबरोबर आवळत जाते, बरगड्यांना फुगू देत नाही, आणि तुम्ही फलाटावर बसलात ते लाजेने नव्हे तर त्याच्यामुळे. चिकटपट्टीही बांधू नये. मापाचा बाइंडर, म्हणजे छाती सपाट दिसण्यासाठी घालायचा खास कपडा, घ्या, एक माप लहान घेण्याचा मोह टाळा, दिवसात आठ तासांहून अधिक घालू नका आणि व्यायाम करताना व झोपताना काढून ठेवा. फाटलेल्या आवाजाची काळजी नको. तो काही महिन्यांत खाली बसेल.

प्रश्न : आमची थोरली मुलगी ट्रान्स आहे आणि आम्ही दोघांनी तिला मनापासून स्वीकारले आहे; पण पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून हमखास ‘अरे’ निघते. मग मी तिची क्षमा मागत राहते आणि ती उठून आत निघून जाते.
— एक आई, सातारा

उत्तर : वहिनी, तुमच्या मुलीइतक्याच तुम्हीही यात नवख्या आहात. ती आत जाते ती बहुधा ‘अरे’मुळे नव्हे. तुम्ही पाच मिनिटे क्षमा मागता तेव्हा सगळ्या पाहुण्यांची नजर तिच्यावर खिळते आणि वर तुमची समजूत काढण्याचे कामही तिच्याच गळ्यात पडते. तिच्याशी बोलताना तुम्ही सावध असता, म्हणून सराव ती घरात नसताना करा. यजमानांशी तिच्याविषयी बोलताना ‘ती आली का’, ‘ती जेवली का’ असे मुद्दाम म्हणत राहा आणि ते चुकले तर तुम्ही टोका, तुम्ही चुकलात तर त्यांना टोकू द्या. तरीही पाहुण्यांसमोर ‘अरे’ निघालेच, तर लगेच ‘अगं’ म्हणून वाक्य पुढे न्या आणि तिच्या ताटात भाजी वाढा.