ओरछाला दोन तास पुरत नाहीत

"झाशीला उतरून दोन तासांत ओरछा होतं, असं माहिती केंद्रात सांगितलं. आईवडिलांना नेऊ का?" हा तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. ओरछा म्हणजे झाशीजवळची, मध्य प्रदेशातली बुंदेला राजांची जुनी राजधानी. नाव घेत नाही, पण अशाच एका केंद्रात आम्हालाही हेच सांगितलं होतं. तिथे पोचलो ती भर दुपार. रामराजा मंदिर बंद. संध्याकाळी दार उघडेपर्यंत थांबावं, तर परतीची गाडी चुकणार. दुपारी दर्शन नसतं, एवढं एक वाक्य त्या टेबलावरून कुणी बोललं असतं तर! वडील बंद दाराला हात जोडून परतले. पुन्हा त्यांना तिकडे नेणं झालं नाही. याचा राग अजून आहे.

तिथे राम राजा म्हणून पूजला जातो, पोलीस सलामी देतात. ओरछाचे राजे मधुकर शाह यांच्या राणीने, गणेश कुंवरीने, मूर्ती अयोध्येहून आणून आपल्या महालात ठेवली आणि ती तिथून हललीच नाही, अशी आख्यायिका. तोच महाल आज रामराजा मंदिर. मूर्तीसाठी बांधलेलं चतुर्भुज मंदिर शेजारीच आहे. हे सगळं संध्याकाळच्या आरतीला उभं राहून कळतं. म्हणून माझं ठाम मत: मुक्काम ओरछातच करा, झाशीत नको.

पुढे मी एकटा पुन्हा गेलो. जहांगीर महाल वीरसिंहदेव राजाचा, सगळे बघतातच. पण जिने अंधारे आणि उंच पायऱ्यांचे, गुडघे दुखत असतील तर आईंना खालच्या चौकातच बसवा. तो वेळ टेकडीवरच्या लक्ष्मीनारायण मंदिराला द्या. देवळात रामायण-कृष्णलीलांच्या भित्तिचित्रांबरोबर इंग्रज फौजेच्या लढाईचीही चित्रं आहेत. झाशीच्या राणीचं नाव ऐकत वाढलेल्या आपण ती न बघता यावं, हे मला पटत नाही. तिथवर रिक्षा करा.

सकाळी बेतवा नदीकाठी कंचन घाटावर जा. बुंदेला राजांच्या छत्र्यांवर, म्हणजे स्मारकांवर, गिधाडं घरटी करतात, दुर्बीण असली तर न्या. पावसाळ्यात पलीकडच्या कठडे नसलेल्या पुलावर जायचं धाडस मात्र नको.

मी काही गाइड नाही आणि मंदिराच्या वेळा ऋतूप्रमाणे बदलतात, तेव्हा हॉटेलात फोन करून विचारून घ्या. आणि महालाचं तिकीट फेकू नका, तेच इतर वास्तूंनाही चालतं.